रूट त्यांच्या हाती, लायसन्स आमचं

आमचं उत्पादन कागदपत्रांच्या मंजुरीचं. कोणी मसुदा टाकतं, कोणी तपासतं, कोणी मंजुरी देतं, आणि या सगळ्याची नोंद राहते. सुरुवातीची वर्षं ते आमच्याच सर्व्हरवर चालायचं, ग्राहक ब्राउझरमधून वापरायचे. कोड बाहेर जातच नव्हता, त्यामुळे त्याची नक्कल होण्याचा प्रश्न नव्हता. मग मोठ्या संस्था विचारणा करायला लागल्या आणि त्यांची अट ठरलेली: कागदपत्रं आमच्या नेटवर्कबाहेर जाणार नाहीत, सॉफ्टवेअर आमच्या सर्व्हरवर बसवून द्या. विक्री सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने होकार कळवला आणि ‘फक्त कोणी कॉपी करणार नाही एवढं बघ’ म्हणून विषय माझ्याकडे सरकवला.

कुलूप बनवण्याआधी आपलाच माल फोडून बघायचा, असं मी ठरवलं. ग्राहकाला देणार होतो तीच डॉकर इमेज, म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं, घेतली, ‘डॉकर सेव्ह’ने तिची टार फाइल काढली आणि उलगडली. आत थरावर थर. बिल्डच्या, म्हणजे इमेज तयार होण्याच्या, वेळी आणलेली सोर्स फाइल एका थरात होती, पुढच्या थरात ती पुसलेली होती. पण वरच्या थरात पुसलेली फाइल खालच्या थरात जशीच्या तशी राहते, हे विसरणारे खूप असतात. मल्टिस्टेज बिल्डने, म्हणजे तयार झालेल्या फाइलीच तेवढ्या शेवटच्या इमेजमध्ये उचलून, ते सुटतं. मूळ अडचण मात्र तशीच राहते. आमचा बॅकएंड पायथॉनचा. त्याचा बाइटकोड, म्हणजे सोर्सपासून बनलेलं चालवायचं रूप, उलट फिरवला की फंक्शनांची आणि व्हेरिएबलची नावंसुद्धा परत मिळतात, कॉमेंट तेवढ्या जातात. लायसन्स तपासणारं फंक्शन शोधायला ‘लायसन्स’ एवढंच शोधावं लागलं. त्याला कायम ‘ट्रू’ परत करायला लावलं आणि उत्पादन फुकट झालं.

सहकाऱ्याला हे दाखवल्यावर त्याची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती: मग कोड लपव. सायथॉन किंवा न्युइट्का या साधनांनी तो मशीन कोडमध्ये, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, उतरवता येतो, नावं गोंधळात टाकता येतात, फाइली एन्क्रिप्ट करता येतात. यातलं प्रत्येक मी करून पाहिलं. मशीन कोड वाचायला कष्ट पडतात हे खरं, पण अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९मध्ये गिद्रा हे मशीन कोड उलगडणारं साधन सगळ्यांसाठी फुकट खुलं केल्यापासून ते कष्ट बरेच कमी झालेत. शेवटी कुठेतरी ‘लायसन्स बरोबर असेल तर पुढे जा’ अशी एक उडी असते, आणि ती उलटवायला एखाद-दुसरा बाइट पुरतो. एन्क्रिप्ट केलेला कोड चालवायच्या आधी मेमरीत उलगडावाच लागतो, म्हणजे किल्लीही त्याच मशीनवर असते. रूट, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च अधिकार, ज्याच्याकडे, त्याला मेमरी वाचता येते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात तसं; फरक एवढाच की आमचा ग्राहक चोर नव्हता, आणि हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

नावं गोंधळात टाकण्याचा एक तोटा वेगळा सांगायला हवा. तसा बिल्ड आमच्याच चाचणीच्या सर्व्हरवर कोसळला तेव्हा लॉगमध्ये ‘ए७’ने ‘क्यू३’ला बोलावलं आणि ते पडलं, एवढंच कळलं. ग्राहकाच्या सर्व्हरवर आम्हाला लॉगिन नसतं. तिथून येणारा लॉग हाच आमचा डोळा, आणि तोच आम्ही फोडून घेत होतो. कुठलं नाव मुळात काय होतं हे सांगणारी नकाशाची फाइल जपून ठेवून नावं परत लावता येतात, पण प्रत्येक तक्रारीला त्या ग्राहकाच्या बिल्डचा बरोबर नकाशा शोधत बसायचं? लायसन्सचं मॉड्यूल आणि दोन-तीन गाभ्याची मॉड्यूल सायथॉनने कंपाइल केली, बाकी कोड उघडा ठेवला.

डाँगल, म्हणजे लायसन्स साठवलेली यूएसबीची काडी, आणि प्रोसेसरमधले सुरक्षित कप्पे यांचा विचार झटपट संपला. ग्राहकाचं व्हर्च्युअल मशीन आज या यंत्रावर, उद्या त्या; यूएसबीची काडी कशात खोचणार? इंटेलचं एसजीएक्स हे अशा कप्प्याचं तंत्र २०१८च्या फोरशॅडो हल्ल्याने एकदा उघडं पडलं होतं, पुढे कंपनीने डेस्कटॉपच्या नव्या प्रोसेसरमधून ते काढूनच टाकलं, आणि ग्राहकाकडे कोणता प्रोसेसर आहे हे ठरवणारे आम्ही कोण?

इथे मी माझ्यापुरता एक निर्णय केला. ज्याला फोडायचंच आहे त्याला आपण अडवू शकत नाही, आणि तो आपला गिऱ्हाईकही नाही. पैसे बुडतात ते दुसऱ्याच ठिकाणी: ज्याने शंभर जणांचं लायसन्स घेतलं आणि जो ओघात दीडशे जणांना लावून मोकळा होतो, ज्याने चाचणीसाठी दुसरी प्रत बसवली आणि त्या प्रतीवर एक अख्खा विभाग काम करू लागला. यात लबाडी क्वचित असते. बहुतेक वेळा कोणी मोजतच नसतं. म्हणून कुलूप मध्यम ठेवायचं आणि मोजणी पक्की करायची.

लायसन्सची फाइल हा त्यातला सोपा भाग. ग्राहकाचं नाव, वापरकर्त्यांची संख्या, सुविधांची यादी, तारखा, एक क्रमांक, आणि या सगळ्यावर आमच्या प्रायव्हेट कीने केलेली डिजिटल सही. सॉफ्टवेअरमध्ये फक्त पब्लिक की, जिने सही तपासता येते पण करता येत नाही. सहीसाठी ईडी२५५१९ हे तंत्र वापरलं: पब्लिक की ३२ बाइटची, सही ६४ बाइटची, आणि निवडायला पर्याय जवळजवळ नाहीत, हाच त्याचा मोठा गुण. जेडब्ल्यूटी हा सही केलेल्या टोकनांचा तयार साचा वापरावा असा आग्रह झाला होता. पण त्यात सहीची पद्धत कोणती हे टोकनच सांगतं, आणि पद्धत ‘नन’ असं लिहिलेलं टोकन काही लायब्ररींनी बिनसहीचं मान्य केल्याचा इतिहास आहे. आम्ही पद्धत कोडमध्येच पक्की केली. सही तपासायची तीही आलेल्या बाइटवर. जेसन साच्यातली माहिती आधी वाचून, परत लिहून, मग तपासायचं नाही. एका जागेने किंवा क्रमाने फरक पडला तरी खरी सही खोटी ठरते.

प्रायव्हेट की बिल्ड सर्व्हरवर ठेवली नाही. ती नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर आहे, आणि बदलण्याची वेळ आलीच तर म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून दोन पब्लिक की आहेत, एक चालू, एक राखीव. ही राखीव नंतर घालता येत नाही, कारण जुन्या आवृत्त्या तोवर ग्राहकांकडे पोचलेल्या असतात.

आणि प्रत्यक्षात सर्वात जास्त लायसन्स कशामुळे नाकारली गेली? ईमेलमुळे. ग्राहकाने मजकूर मेलमधून उचलून अॅडमिनच्या पानावर चिकटवला की मधल्या ओळी तुटलेल्या असत, कुठे शेवटी जागा घुसलेली असे. मोकळ्या जागा आणि ओळीचे तुकडे काढून मग तपासायचं, एवढ्या एका बदलाने पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी थांबल्या. क्रिप्टोग्राफीचं कौतुक करणाऱ्यांना हे सांगायला मला आवडतं.

खरी डोकेफोड झाली ती लायसन्स मशीनला बांधायच्या प्रश्नावर. सहकाऱ्याचं म्हणणं साधं होतं: फाइलची कॉपी होते, मशीनची होत नाही. पण आजकाल मशीनचीच कॉपी होते. मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डचा क्रमांक, घ्यायचा म्हटलं तर तो सेटिंगमध्ये बदलता येतो, आणि कंटेनरला, म्हणजे चालू असलेल्या इमेजला, तो डॉकर स्वतःच देतो. लिनक्समध्ये मशीनची ओळख ठेवणारी मशीन-आयडी नावाची फाइल असते. व्हर्च्युअल मशीन क्लोन करताना ती न बदलणारे अॅडमिन काही कमी नाहीत, म्हणजे दोन मशीनवर एकच ओळख. उलट कंटेनरच्या आतून पाहिलं तर प्रत्येक वेळी नवी किंवा इमेजमधून आलेली एकच. कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेवर तर पॉड, म्हणजे कंटेनरचे गट, मरतात आणि दुसऱ्या नोडवर, म्हणजे दुसऱ्या मशीनवर, जन्मतात, तेच त्यांचं काम. म्हणजे ही खूण प्रामाणिक माणसाच्या बाबतीत बदलत राहते आणि नक्कल करणाऱ्याच्या बाबतीत तशीच राहते.

मी सहकाऱ्याला एकच प्रसंग कल्पून सांगितला. ग्राहकाचं डेटा सेंटर बंद पडलंय, त्यांचा अॅडमिन मध्यरात्री राखीव जागेवर सगळं उभं करतोय, डेटाबेस आला, नेटवर्क आलं, आणि आमचं सॉफ्टवेअर म्हणतंय की हे मशीन अनोळखी आहे, कार्यालयीन वेळेत संपर्क साधा. ‘त्या अॅडमिनला पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या बैठकीत तू भेटणार आहेस, मी नाही,’ एवढं म्हटल्यावर तो गप्प बसला. पटलं म्हणून की चिडला म्हणून, हे तेव्हा कळलं नाही.

मशीनऐवजी आम्ही बसवणुकीला ओळख दिली. पहिल्यांदा सुरू होताना सॉफ्टवेअर स्वतःच्या डेटाबेसमध्ये एक यादृच्छिक क्रमांक लिहून ठेवतं. कुबरनेटीस असेल तर क्लस्टरच्या, म्हणजे तिथल्या मशीनच्या समूहाच्या, ‘कुबे-सिस्टिम’ या नेमस्पेसचा, म्हणजे अंतर्गत विभागाचा, ओळख क्रमांक सोबत नोंदवतं, कारण क्लस्टर जिवंत असेपर्यंत तो सहसा बदलत नाही. डेटाबेस हलवला की ओळख सोबत जाते, आणि आपत्तीत ते हवंच असतं. डेटाबेसची प्रत काढून दुसरीकडे चालवली तर ओळख दोन ठिकाणी दिसते. त्यावर सॉफ्टवेअर थांबत नाही, फक्त नोंद होते.

वेळेचा प्रश्नही असाच वरून सोपा. मुदत संपली का हे बघायला घड्याळ लागतं, आणि घड्याळ ग्राहकाचं. सिस्टिमची वेळ मागे घेता येते; लिबफेकटाइमसारखी लायब्ररी तर फक्त एका प्रोग्रॅमलाच खोटी वेळ दाखवते. नेहमीचा उपाय म्हणजे शेवटची पाहिलेली वेळ डेटाबेसमध्ये लिहायची आणि आताची वेळ तिच्या मागे गेली तर हरकत घ्यायची. हा उपाय मी लिहिला आणि मग चाचणीत घड्याळ चुकून पुढे गेल्यासारखं केलं. सॉफ्टवेअरने काही वर्षं पुढची वेळ ‘शेवटची’ म्हणून लिहिली. घड्याळ दुरुस्त केलं, आणि आता खरी वेळच खोटी ठरू लागली. घड्याळं जुळवणारं एनटीपी नीट न लावलेल्या बंद नेटवर्कमध्ये असं होणं मुळीच दुर्मीळ नाही.

सुटका झाली ती घड्याळ बाजूला ठेवल्यावर. लायसन्समध्ये ‘अद्ययावततेची मुदत’ अशी एक तारीख घातली आणि प्रत्येक बिल्डमध्ये तो कधी तयार झाला ती तारीख. बिल्डची तारीख मुदतीच्या आत असेल तर तो बिल्ड त्या ग्राहकाला कायम चालतो. मुदत संपली तरी हातातली आवृत्ती चालूच राहते, फक्त नंतर आलेली आवृत्ती लायसन्स स्वीकारत नाही. दोन्ही तारखा आमच्या, दोन्ही स्थिर, ग्राहकाचं घड्याळ १९७० दाखवो नाहीतर काहीही. घड्याळ लागतं ते आता फक्त विकत घेण्याआधी वापरून बघायच्या काळापुरत्या लायसन्सला, आणि तिथे काही दिवसांची ढील आहे. विक्रीला हे सुरुवातीला रुचलं नाही, ‘पैसे न देता कायम वापरणार?’ म्हणून. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नव्या डेटाबेसची सोय नव्या आवृत्तीतच येते. सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर वर्षभर न सुधारता ठेवणं कोणत्याही सुरक्षा विभागाला परवडत नाही. फोडलेल्या प्रतीचंही तेच होतं: प्रत्येक आवृत्ती नव्याने फोडावी लागते.

म्हणून वितरणाची वाट महत्त्वाची झाली. प्रत्येक ग्राहकाला आमच्या रजिस्ट्रीचं, म्हणजे इमेज ठेवतो त्या कोठाराचं, वेगळं टोकन आहे, ते रद्द करता येतं, आणि कोणत्या टोकनने कोणती इमेज कधी उचलली हे आम्हाला दिसतं. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा, लपलेल्या खुणेचा बिल्ड करावा अशीही सूचना होती. दोन ग्राहकांचे बिल्ड शेजारी ठेवून तुलना केली की फरक तोच खुणेचा, आणि चाचणी मात्र प्रत्येक बिल्डची वेगळी करावी लागली असती. त्याऐवजी उघडी खूण ठेवली: लायसन्सवरचं संस्थेचं नाव लॉगिनच्या पानावर आणि निघणाऱ्या प्रत्येक पीडीएफच्या तळाशी येतं. दुसऱ्याच संस्थेचं नाव रोज आपल्या कागदावर छापून येणं फार थोड्यांना चालतं.

मुदत किंवा संख्या ओलांडली की काय करायचं, यावर सर्वात लांब बैठक झाली. ‘बंद पाड’ या टोकाला मी ठाम नकार दिला. मंजुरीच्या रांगेत अडकलेला कागद एखाद्या रुग्णाचा असेल, एखाद्या पगाराचा असेल. ठरलं ते असं: आधी फक्त अॅडमिनला सूचना, मग नवे वापरकर्ते जोडणं बंद. वापरून बघायचं लायसन्स संपलं तर नवे मसुदे बंद, वाचणं चालू. डेटा बाहेर काढण्याची सोय कधीच बंद होत नाही, लायसन्सची फाइलच सापडली नाही तरीही. संरक्षणाच्या नावाखाली ग्राहकाच्या मशीनवर दादागिरी केली की काय होतं याचं उदाहरण सोनी बीएमजीने २००५मध्ये घालून दिलं आहे. त्यांच्या संगीताच्या सीडींनी संगणकांत गुपचूप लपणारं सॉफ्टवेअर बसवलं, त्याने इतर घुसखोरांनाही लपायला जागा मिळाली, आणि सीडी परत मागवून वर खटले निस्तरावे लागले.

आम्हाला आकडे कळवण्याची सोय ऐच्छिक आहे. ग्राहकाने चालू केली तर दिवसातून एकदा लायसन्सचा क्रमांक, बसवणुकीची ओळख, आवृत्ती आणि सक्रिय वापरकर्त्यांची संख्या जाते. काय जातं ते अॅडमिनच्या पानावर जसंच्या तसं दिसतं. आमचा सर्व्हर पडला तर काहीही अडत नाही. बंद नेटवर्कवाले तीच माहिती फाइल म्हणून उतरवून वर्षातून एकदा पाठवतात, करारात तसं कलम आहे. एका ग्राहकाच्या सुरक्षा विभागाने ही फाइल उघडून ओळ न् ओळ विचारली. सगळं साध्या मजकुरात असल्याने उत्तरं देणं सोपं गेलं.

करार लिहिणाऱ्या वकिलांनी एक गोष्ट सांगितली ती तांत्रिक माणसाच्या लक्षात येत नाही. वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६च्या कॉपीराइट करारापासून तांत्रिक संरक्षण हेतुपुरस्सर मोडणं हा अनेक देशांच्या कायद्यांत स्वतंत्र विषय झाला आहे. अमेरिकेचा १९९८चा डीएमसीए हा कायदा त्यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला. चुकून जास्त वापरणं आणि सही तपासणारा कोड काढून टाकणं यांत जो फरक आहे तो आमचं मध्यम कुलूप दाखवून देतं. मोडताना ‘माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

सगळं झाल्यावर सुरक्षेचं काम करणाऱ्या मैत्रिणीला एक प्रत दिली आणि फोडायला सांगितलं. तिने सही फोडायचा प्रयत्नच केला नाही. कंपाइल केलेल्या मॉड्यूलमध्ये पब्लिक कीचे ३२ बाइट शोधले, तिथे स्वतःची की घातली आणि अमर्याद वापरकर्त्यांचं लायसन्स माझ्या नावाने काढून मला पाठवलं. दुपारच्या चहाआधी. मी की दोन जागी तुकड्यांत ठेवली. तिने सांगितलं की यानेही थोडाच वेळ जास्त लागेल. तिथे मी थांबले. त्यापुढचा प्रत्येक तास हा सुविधांमधून काढून कुलपात घातलेला तास होता.

बाजारात गेल्यानंतर एकाच ओळखीच्या दोन बसवणुकी दिसण्याचे प्रसंग आले, आणि बहुतेकांचं मूळ एकच निघालं: खऱ्या सर्व्हरची प्रत काढून केलेला चाचणीचा सर्व्हर. आम्ही प्रत्येक ग्राहकाला चाचणीसाठी वेगळं फुकट लायसन्स द्यायला लागलो, वर ‘चाचणी’ अशी ठळक पट्टी असलेलं, आणि हे इशारे जवळजवळ थांबले. वापरकर्त्यांची संख्या ओलांडलेल्यांना फोन गेला तेव्हा वाद घालणारे थोडे, ‘किती जादा आहेत ते पाठवा, पुढच्या बिलात घाला’ म्हणणारे जास्त.

फोडलेली प्रतही एकदा समोर आली. आवृत्ती बदलताना डेटाबेसचं स्थलांतर अडलं म्हणून कोणीतरी मदत मागितली आणि सोबत पूर्ण लॉग जोडला. लॉगमधला लायसन्स क्रमांक आम्ही कधी दिलेलाच नव्हता. सहकाऱ्याला वकिलांकडे जायचं होतं. मी म्हटलं, आधी उत्तर दे. त्याने लिहिलं की हा क्रमांक आमच्या नोंदीत नाही, तुम्हाला प्रत कोणी बसवून दिली ते कळवा, लायसन्स घेतलंत तर स्थलांतर आम्ही करून देऊ, आणि तोवर डेटा बाहेर काढायची पद्धत ही अशी. उलट टपाली कळलं की त्यांना ती एका मध्यस्थाने पैसे घेऊन विकली होती. त्यांनी लायसन्स घेतलं. मध्यस्थाचं प्रकरण वकिलांकडे आहे, आणि मध्यस्थांमार्फत जाणाऱ्या प्रतींना तरी मशीनशी बांधावं, असं सहकारी पुन्हा म्हणायला लागलाय. त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही.